कार्तिकातली भाजलेली न्याहारी

अमरावतीहून चाळीसेक किलोमीटरवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या उंच काठावर कौंडण्यपूर वसलं आहे. विदर्भाचा राजा भीष्मक याची ही राजधानी आणि रुक्मिणीचं हे माहेर, अशी परंपरा आहे. आषाढीला इथून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये सुरू केली, असं सांगतात. आषाढाइतकाच इथला कार्तिकही मोठा. कार्तिक पौर्णिमेला यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी दहीहंडी होते.

त्या दिवसांत वऱ्हाडाचं शिवार पालटलेलं असतं. सोयाबीन निघालेलं असतं, कपाशीची वेचणी सुरू असते, तूर फुलोऱ्यावर येत असते, ओलिताच्या वावरात गहू-हरभऱ्याची पेरणी चालू असते. आश्विनातला उकाडा सरतो आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं. गावोगावच्या देवळांत महिनाभर काकडा चालतो. काकड्याला गेलेली माणसं उजाडता उजाडता घरी येतात ती कडकडून भूक घेऊन. याच दिवसांत स्वयंपाकघरातही एक बदल होतो. उन्हाळाभर आणि पावसाळाभर पातळ राहिलेलं डब्यातलं तूप थिजतं, रवाळ होतं, चमच्याने खरवडून काढावं लागतं. या थिजलेल्या तुपाच्या जोरावर जी गोड, भाजलेली न्याहारी एरवीपेक्षा या ऋतूत जास्त चांगली जमते, तिच्याबद्दल हा लेख आहे.

अशा न्याहारीचं जगभर माहीत असलेलं रूप म्हणजे स्कोन. बाहेरून तांबूस, आतून मऊ आणि भुसभुशीत, हाताने मोडला की थराथराने सुटणारा, जरासा गोड, जाडसर गोल. वऱ्हाडात त्याचे जवळचे नातेवाईक आहेत रोडगा आणि पानगा. घरी स्कोन करून पाहण्याची हौस अनेकांना असते आणि बरेचदा तो दगडासारखा होतो. त्याचं कारण कळायचं तर परदेशी पाककृतीच्या आधी रोडग्याकडे नीट पाहावं, असं माझं ठाम मत आहे. स्कोनला जे जे लागतं, ते ते वऱ्हाडातल्या हातांना पिढ्यान् पिढ्या येतं.

रोडगा आणि पानगा

रोडगा फार जुना आहे. पैठणच्या एकनाथांच्या (१५३३–१५९९) एका प्रसिद्ध भारुडात सासरच्या माणसांना विटलेली सून भवानीला रोडगा कबूल करते. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी रोडगा हा नवसाचा पदार्थ म्हणून घरोघर ठाऊक होता. वऱ्हाडात तो मान आजही कायम आहे. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा २० डिसेंबरपासून भरते. बहिरमबुवाला लोणी-शेंदूर वाहतात आणि रोडग्यांचा नैवेद्य दाखवतात. नवस फेडायचा असो, शेतातलं जेवण असो की देवळाची पंगत असो, रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण हा बेत ठरलेला.

रोडग्याची कणीक जाडसर दळलेली असते, हाताला रवाळ लागते. तिच्यात मीठ, ओवा आणि तेलाचं भरपूर मोहन घालून ती घट्ट भिजवतात. मग लहान पोळ्या लाटायच्या, एकीवर तेलाचा हात फिरवायचा, तिच्यावर दुसरी ठेवायची, पुन्हा तेल, पुन्हा पोळी. शेवटी सगळ्यांत बाहेरच्या पोळीत बाकीच्या गुंडाळून तोंड दाबून बंद करायचं आणि मुठीत मावेल एवढा गोळा वळायचा. तिकडे गोवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. जाळ आहे तोवर कुणी रोडग्याला हात लावत नाही. “धूर निंगते तोवर रोडगे टाकू नोका,” हे जुन्या माणसांचं सांगणं असतं. जाळ बसतो, धूर संपतो, गोवऱ्या आतून लाल आणि वरून राखाडी होतात, तेव्हा काठीने त्या पसरून त्यांच्यावर रोडगे मांडतात आणि अधूनमधून फिरवत राहतात. सगळीकडून डाग पडले की राखेच्या आरात पुरून ठेवतात. भाजलेला रोडगा ओळखायचा तो त्याच्या चिरेवरून. पोटाला भेग पडली, आतून वाफ निघाली, बोटाने टिचकी मारल्यावर आवाज पोकळ आला की झाला. मग फडक्याने राख झटकायची, दोन्ही हातांनी तो फोडायचा आणि उघडलेल्या थरांवर तूप सोडायचं.

पानगा त्याहून साधा. मोहन घातलेल्या कणकेचा जाड, चपटा थापा करून तो पळसाच्या दोन पानांमध्ये धरायचा आणि आरावर भाजायचा. पानामुळे राख लागत नाही, ओल टिकते आणि भाजताना पानाचा हलका वास पानग्यात उतरतो. कोकणात हेच तंत्र केळीच्या किंवा हळदीच्या पानात तांदळाच्या पिठाने करतात आणि त्याला पानगी म्हणतात. देशभर पाहिलं तर राजस्थानची बाटी, माळव्याचा बाफला, बिहारची लिट्टी, खानदेशातली बट्टी ही सगळी याच घराण्यातली. गहू किंवा त्याच्या जोडीला दुसरं धान्य, त्यात स्निग्ध पदार्थ, आणि चहूबाजूंनी मिळणारी आच.

स्कोन कुठून आला

स्कोन स्कॉटलंडचा. तिथे ओट आणि सातूच्या पिठाची जाड गोल भाकरी चुलीवरच्या सपाट लोखंडी तव्यावर भाजत, आणि तिचे चार भाग करून खात. तिच्यातूनच स्कोन घडला. स्कॉट कवी गॅव्हिन डग्लस याने १५१३ मध्ये पूर्ण केलेल्या व्हर्जिलच्या महाकाव्याच्या अनुवादात स्कोनचा उल्लेख आहे, आणि तो लिखित उल्लेखांत सर्वांत जुना मानला जातो. म्हणजे एकनाथांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा स्कॉटलंडमध्ये स्कोन तव्यावर भाजला जात होता. त्या काळी रोडगा आणि स्कोन या दोन खाण्यांत फारसा फरक नव्हता. दोन्ही जाड, दोन्ही न फुगवलेली, दोन्ही विस्तवावर.

फरक पडला तो एकोणिसाव्या शतकात. बर्मिंगहॅमचा रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८४३ मध्ये यीस्टशिवाय पीठ फुगवणारी पावडर तयार केली. १८४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ड्वाइट आणि चर्च यांनी खाण्याचा सोडा घरोघर विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास घराघरांत लोखंडी शेगड्यांना जोडलेली भट्टी आली. सोडा आणि भट्टी या दोन गोष्टींनी स्कोन उंच आणि हलका झाला. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये दुपारच्या चहाची प्रथा रुळली. तिच्या संदर्भात बेडफर्डची डचेस अ‍ॅना हिचं नाव घेतात. स्कोन त्या चहाच्या ताटात जाऊन बसला आणि तिथून जगभर गेला.

रोडग्याच्या वाट्याला असं काही आलं नाही. गोवऱ्या घराघरातून हद्दपार झाल्या, गॅस आला, आणि गॅसवर तवा आणि कढई एवढंच टिकलं. भाजण्याचं काम एकतर देवळाच्या आवारात गेलं किंवा बेकरीत. दिवाळीच्या आधी स्वतःचा आटा, तूप आणि साखर बेकरीवाल्याकडे देऊन बिस्किटं आणि नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरून आणण्याची पद्धत वऱ्हाडातल्या गावांत अजूनही आहे. पण रोजची न्याहारी मात्र पोहे, फोडणीची पोळी, आलुबोंडा, कचोरी, अमरावतीचा गिलावडा अशी परतलेली किंवा तळलेली राहिली. भाजलेलं खाणं घरातून गेलं, पण त्याचं ज्ञान गेलं नाही. ते दिवाळीच्या फराळात शाबूत आहे.

आधी तूप, मग पाणी

शंकरपाळे किंवा करंजीचं पीठ भिजवताना काय करतात ते आठवावं. पिठात आधी तूप घालून ते दोन्ही तळहातांत चोळतात. चोळून झालं की मूठभर पीठ दाबून पाहतात. मुटका वळला आणि बोटाने दाबल्यावर भुरभुर सुटला की मोहन बरोबर. पाणी किंवा दूध त्यानंतर. हा क्रम उलटा केला तर शंकरपाळे चिवट होतात, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असतं.

यामागचं कारण असं. गव्हाच्या पिठात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं असतात. कोरड्या पिठात ती सुटी असतात. त्यांना पाणी मिळालं आणि वरून मळणं झालं की ती एकमेकांना धरून ताणली जाणारी जाळी बनवतात. हीच जाळी म्हणजे ग्लुटेन. पोळी पातळ लाटता येते ती हिच्यामुळे, पाव फुगतो तोही हिच्यामुळे. पण जिथे खुसखुशीतपणा हवा तिथे ही जाळी नको असते. पिठाच्या कणांना आधीच तुपाचं अस्तर मिळालं तर पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही, जाळी तुटक राहते आणि भाजल्यावर घास तोंडात विरतो. स्कोनसाठी लोणी पिठात चोळून घेतात ते याचसाठी. क्रिया तीच, चाचणीही जवळपास तीच.

एका बाबतीत मात्र स्कोन शंकरपाळ्यापासून वेगळा होतो आणि रोडग्याच्या जवळ जातो. शंकरपाळ्यात तूप वितळवून, कडकडीत करून घालतात आणि ते सगळ्या पिठाला सारखं लागतं. स्कोनमध्ये लोणी किंवा तूप थंड आणि घट्ट हवं. ते चोळल्यावर काही भाग पिठाला लागतो आणि काही भाग मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीएवढ्या कणांच्या रूपात शिल्लक राहतो. भट्टीत गेल्यावर हे कण वितळतात आणि त्यांच्या जागी पोकळी उरते. पिठातल्या पाण्याची वाफ त्या पोकळीत शिरते. पाण्याची वाफ होताना त्याचं आकारमान सोळाशेपटीच्या वर वाढतं. त्या जोराने पोकळी उघडते आणि थर सुटतात. रोडग्यात हेच काम पोळ्यांमधला तेलाचा हात करतो. तेल पातळ असल्यामुळे त्याचे कण राहू शकत नाहीत, म्हणून थर हाताने रचावे लागतात. थिजलेलं तूप असेल तर थर रचण्याचे कष्ट वाचतात.

आणि इथेच कार्तिक कामाला येतो. तूप साधारण २८ अंशांपासून मऊ होऊ लागतं आणि पस्तिशीच्या आसपास पूर्ण वितळतं. वऱ्हाडात मे महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात तुपाचे कण टिकवणं फ्रीजशिवाय अशक्य. कार्तिकातल्या सकाळी ते आपोआप घट्ट असतं. थंड देशांतली स्वयंपाकघरं बाराही महिने अशीच असतात, म्हणून तिकडे हा पदार्थ रोजचा झाला. आपल्याकडे तो ऋतूचा पदार्थ आहे आणि ऋतू पाळला तर तो सहज जमतो. तूप आणि लोणी यांतला एक फरक ध्यानात ठेवावा. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. त्यामुळे लोणी घातलं तर थोडी जास्त वाफ मिळून पदार्थ हलका होतो, तूप घातलं तर जास्त खुसखुशीत आणि खमंग. तुपाबरोबर दही-दूध किंचित वाढवलं की हा फरक भरून निघतो.

फुगणं आणि भाजणं

स्कोन फुगतो तो वाफेने आणि कार्बन डायऑक्साइडने. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आंबट काही भेटलं की लगेच वायू सुटतो. दही, ताक, संत्र्याचा रस, यांपैकी काहीही चालतं. आंबट कमी आणि सोडा जास्त झाला तर उरलेल्या सोड्यापासून भट्टीच्या उष्णतेत सोडियम कार्बोनेट बनतं, आणि त्याची चव साबणासारखी लागते. बेकिंग पावडरीत सोडा आणि कोरडं आम्ल एकत्रच असतं. बाजारातली बहुतेक बेकिंग पावडर दोनदा काम करते, एकदा ओलं झाल्यावर आणि दुसऱ्यांदा तापल्यावर. म्हणून दह्यासाठी चिमटीभर सोडा आणि उरलेल्या कामासाठी बेकिंग पावडर, असा मेळ घालावा. वायू मळताना निसटतो, म्हणून ओलं झाल्यावर पीठ मळायचं नसतं. नुसतं गोळा करायचं. घरचा स्कोन दगड होतो तो बहुतेक वेळा पोळीच्या सवयीने कणीक तिंबल्यामुळे. हात थांबवणं हेच इथलं सर्वांत मोठं कसब.

आचेबद्दल रोडग्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. जाळावर धरलेली कणीक बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते, कारण बाहेरची उष्णता जाड गोळ्यातून हळूहळूच आत जाते. राख उष्णतेची मंद वाहक आहे. ती निखाऱ्याची धग अडवून धरते आणि चहूबाजूंनी सारखी, सावकाश पोचवते. गोवरीच्या आरात रोडगा पुरणं म्हणजे त्याला भट्टीत ठेवणंच. आतलं तापमान साठ-पासष्ट अंशांवर गेलं की पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगायला लागतो, त्याच्या थोडं वर प्रथिनं आवळतात आणि घाट पक्का होतो. बाहेरचा थर कोरडा होऊन १४० अंशांच्या पुढे गेला की प्रथिनं आणि साखरा यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते. भाजलेल्या रोडग्याचा, पोळीच्या डागाचा, पावाच्या कवचाचा तो ओळखीचा खमंग वास तिथून येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार याने या क्रियेचा अभ्यास केला आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आपला गहू, आपला गूळ, आपलं संत्रं

बाजारातले स्कोन मैद्याचे असतात. मैदा मऊपणा देतो, पण गव्हाची चव देत नाही. कणकेत कोंडा असतो आणि कोंड्याचे कण ग्लुटेनची जाळी ठिकठिकाणी तोडतात. पावासाठी ही अडचण ठरते, पण खुसखुशीत पदार्थासाठी हा फायदा आहे. म्हणूनच रोडग्याला बारीक पीठ चालत नाही, जाडसर दळलेलंच लागतं. विदर्भाच्या कोरडवाहू काळ्या मातीत पूर्वी बन्सी गहू मोठ्या प्रमाणावर होत असे. तो कठीण दाण्याचा, पिवळसर झाकेचा, रवा आणि शेवयांसाठी नावाजलेला. मिळाला तर त्याची जाडसर कणीक यासाठी उत्तम. नाही तर लोकवन गव्हाच्या कणकेत चौथा हिस्सा बारीक रवा मिसळला तरी रवाळपणा येतो. कोंडा आणि रवा पाणी सावकाश पितात, म्हणून भिजवल्यावर पीठ दहा मिनिटं झाकून ठेवावं.

गोडीसाठी गूळ. रोडगा कुस्करून त्यात गूळ आणि तूप कालवून खाण्याची रीत जुनीच आहे. इथे गूळ आतच घालायचा. साखरेपेक्षा त्याचा स्वभाव जरा वेगळा आहे. साध्या साखरेत सगळा सुक्रोज असतो. गुळात त्याच्याबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. या दोन्ही साखरा कमी तापमानालाच रंग धरतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात. त्यामुळे गुळाचा पदार्थ लवकर तांबूस होतो, लवकर करपतो, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. भट्टीचं तापमान मैदा-साखरेच्या स्कोनपेक्षा दहा-वीस अंश कमी ठेवायचं ते यासाठी.

आणि संत्रं. वरूड आणि मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातले तालुके संत्र्याच्या बागांनी भरलेले आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराचं संत्रं कार्तिकाच्या आसपास बाजारात येऊ लागतं. संत्र्याचा सुवास रसापेक्षा सालीत जास्त असतो. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात, त्याखालचा पांढरा थर कडू असतो. म्हणून किसणीवर फक्त रंगीत थर हलक्या हाताने किसायचा आणि तो किसलेल्या गुळाबरोबर बोटांनी चोळायचा. पिशव्या फुटतात, तेल गुळात उतरतं, आणि पुढे तूप ते धरून ठेवतं. मेळघाटची चारोळी मिळाली तर मूठभर घालावी, बेदाण्याचं काम ती त्याहून चांगलं करते.

करायचं कसं

स्कोनच्या या वऱ्हाडी रूपाला गोड पानगा म्हणू. अशा आठ पानग्यांसाठी २५० ग्रॅम जाडसर कणीक घ्यावी. तिच्यात दोन लहान चमचे बेकिंग पावडर, पाव लहान चमचा खाण्याचा सोडा, पाव लहान चमचा मीठ, अर्धा चमचा सुंठपूड आणि थोडं जायफळ घालून दोनदा चाळावं. चाळणीत राहिलेला कोंडा परत पिठात टाकावा. ६० ग्रॅम किसलेला गूळ एका संत्र्याच्या सालीच्या किसाबरोबर चोळून बाजूला ठेवावा.

आता ६० ग्रॅम घट्ट, थिजलेलं तूप पिठात टाकून बोटांच्या टोकांनी चोळावं. तळहात लावू नये, तळहाताच्या उबेने तूप वितळतं. पिठाला ओलसर भुग्याचं रूप आलं आणि मध्ये मध्ये डाळीएवढे कण दिसले की थांबावं. त्यात गूळ आणि चारोळी मिसळावी. १०० ग्रॅम घट्ट दही ५० मिलीलिटर थंड दुधात फेटून एकदम ओतावं आणि सुरीने किंवा उलथन्याने कालवावं. पीठ कोरडं वाटलं तर चमचा-चमचा दूध वाढवावं. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि थोडा चिकट राहायला हवा. झाकून दहा मिनिटं ठेवावा.

ओट्यावर कणीक भुरभुरून गोळा इंचभर जाडीचा थापावा. मध्यावर घडी घालून पुन्हा थापावा आणि असंच आणखी एकदा करावं, थर सुटायला या दोन घड्या पुरतात. धारदार सुरीने सरळ खाली दाबून आठ तुकडे कापावेत. सुरी ओढून किंवा वाटी गोल फिरवून कापलं तर कडा चिकटतात आणि पानगा वर उठत नाही. वरून दुधाचा हात आणि तीळ.

ओव्हन असेल तर १९० अंशांवर आधी तापवून अठरा ते वीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई घ्यावी, तळाशी बोटभर मीठ किंवा वाळू पसरावी, वर छोटी तिवई किंवा चाळण ठेवून घट्ट झाकण लावावं आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापू द्यावं. मग तेलाचा हात फिरवलेल्या ताटलीत पानगे मांडून, झाकून, मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. वाळू इथे राखेचंच काम करते. तिसरा मार्ग तव्याचा, स्कॉटलंडच्या जुन्या रीतीचा. त्यासाठी पानगे अर्धा इंच जाडीचे थापावेत आणि जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटं भाजावेत. पळसाची स्वच्छ पानं मिळाली तर एक खाली, एक वर. कुठल्याही पद्धतीत भाजल्याची खूण एकच. कडेला थर उघडलेले दिसतात, तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो, आणि सुरीचं टोक कोरडं बाहेर निघतं.

भाजलेले पानगे पाचेक मिनिटं फडक्यात गुंडाळून ठेवावेत, आतली वाफ सगळीकडे सारखी पसरते. मग हाताने मोडून, आत ताजं लोणी किंवा साय घालून, गरम दूध किंवा चहाबरोबर खावेत. इंग्लंडमध्ये साय आणि मुरंबा लावतात, आपल्याकडे साय आणि मोरावळा त्याहून सरस लागतो. कार्तिकात आवळेही आलेले असतातच.

घरात परत यावं असं

एका पानग्यात कणीक, दही, तूप, गूळ आणि चारोळी असते. न्याहारी म्हणून ती पोटभरीची आहे, पण हलकी म्हणता येणार नाही. सणाच्या किंवा सुटीच्या सकाळी एक-दोन पुरेत. तळण्याचं तेल नाही, आंबवण्याची वाट पाहणं नाही, चुलीपाशी सतत उभं राहणं नाही. पीठ चोळून गूळ मिसळलेलं कोरडं मिश्रण आदल्या रात्री फ्रीजमध्ये झाकून ठेवलं तर सकाळी दही ओतून अर्ध्या-पाऊण तासात ताट वाढता येतं. उरलेले पानगे डब्यात दोन दिवस चांगले राहतात. खाण्याआधी तव्यावर झाकून गरम करावेत. शेतावर नेण्यासाठी, मुलांच्या डब्यासाठी, यात्रेच्या शिदोरीसाठी ते पोळी-भाजीइतकेच सोयीचे आहेत.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की यातली एकही क्रिया वऱ्हाडातल्या घराला नवी नाही. मोहन चोळणं फराळातून येतं, थर रोडग्यातून, पान पानग्यातून, सावकाश आच गोवरीच्या राखेतून. आतापर्यंत ही विद्या वेगवेगळ्या जागी विखुरलेली होती आणि रोडगे भाजण्याचा मान बहुधा पुरुषांकडे, पंगतीच्या दिवसापुरता होता. गावातल्या महिला बचत गटांनी गोड पानगे हातात घेतले तर बेकरीतल्या मैद्याच्या बिस्किटांशेजारी जाडसर गव्हाचा, गुळाचा, संत्र्याच्या सालीचा एक अस्सल वऱ्हाडी पदार्थ उभा राहील, आणि आपल्या शिवारातल्या गव्हाला, गुऱ्हाळातल्या गुळाला, वरूडच्या बागांतल्या फेकून दिल्या जाणाऱ्या सालींना किंमत येईल. त्याची सुरुवात घरापासून करावी. तूप थिजू लागलं की एका रविवारी निम्म्या प्रमाणात करून पाहावं, आपल्या कणकेला दूध किती लागलं आणि आपल्या कढईला वेळ किती लागला ते वहीत टिपून ठेवावं, आणि पुढच्या खेपेला शेजारच्या घरातल्या पोरांनाही पीठ चोळायला बसवावं.